नव्वदी पार केलेल्या युद्धगुन्हेगारांना शोधत राहायचं का?

मृण्मयी_क:
दुसऱ्या महायुद्धातल्या नाझींच्या श्टुटहोफ छळछावणीच्या (आता पोलंडमध्ये) प्रमुखाची सेक्रेटरी इर्मगार्ड फुर्शनर. सप्टेंबर २०२१ मध्ये खटला सुरू व्हायच्या दिवशी ९६ वर्षांच्या या बाई वृद्धाश्रमातून टॅक्सीने पसार झाल्या. काही तासांत हॅम्बुर्गमध्ये सापडल्या. टॅक्सी करून पळता येतं, तर कोर्टातही बसता येतं! डिसेंबर २०२२ मध्ये दहा हजारांवर खुनांना साहाय्य केल्याबद्दल त्या दोषी ठरल्या. वयाकडे बघून सोडायचं म्हटलं, तर जो जास्त वर्षं लपला तोच सुटला. एकही आरोपी जिवंत आहे तोवर शोध थांबता कामा नये.

भालचंद्र:
असहमत. शिक्षा किती झाली तेही लिहा की. दोन वर्षं, तीही स्थगित, म्हणजे तुरुंगात जावंच लागलं नाही. गुन्ह्याच्या वेळी वय १८-१९, म्हणून खटला अल्पवयीनांच्या न्यायालयात. आणि ज्याची पत्रं त्या टाइप करायच्या तो छावणीप्रमुख होपे? त्याला १९५७ मध्ये नऊ वर्षं झाली आणि त्याआधीच तो बाहेर आला. हुकूम देणारे असे सुटले आणि आता टायपिस्टला धरून न्याय झाला म्हणायचं? मला हे जर्मन न्यायव्यवस्थेचं प्रायश्चित्त वाटतं, तेही दुसऱ्याच्या डोक्यावर.

मृण्मयी_क:
होपेबद्दलचा संताप मलाही आहे. पण आधीच्या न्यायाधीशांनी कच खाल्ली म्हणून आताच्यांनीही खावी का? पूर्वी अमुक माणसाने अमुक खून केला असा पुरावा लागायचा. २०११ मध्ये डेमयान्युक खटल्यात म्युनिकच्या कोर्टाने सोबिबोर या नाझी मृत्युछावणीतली त्याची पहारेकऱ्याची नोकरी हाच पुरेसा आधार मानला. दार उघडलंच इतक्या उशिरा.

वकील_नाशिक:
मृण्मयीताईंना +१. शिक्षेपेक्षा सुनावणीत काय घडलं ते बघा. छावणीतून वाचलेल्या एका वृद्धाने तिथे मारल्या गेलेल्या वडिलांचा फोटो फुर्शनरबाईंसमोर धरला. न्यायाधीश स्वतः पोलंडला जाऊन आले, तिच्या ऑफिसातून छावणीचं काय काय दिसत होतं ते पाहायला. ‘मला काही माहीतच नव्हतं’ या बचावाची शहानिशा अशीच होते.

भालचंद्र:
मग रवांडाचा काबुगा घ्या, १९९४ च्या तुत्सी समाजाच्या नरसंहाराला पैसा पुरवल्याचा आरोप असलेला. २६ वर्षं फरार, २०२० मध्ये पॅरिसजवळ पकडला, २०२३ मध्ये खटल्याला असमर्थ ठरवला. वाचलेल्यांच्या हाती निकालसुद्धा आला नाही.

मृण्मयी_क:
म्हणूनच घाई हवी! त्याच वर्षी त्याच नरसंहारातला आरोपी कायिशेमा दक्षिण आफ्रिकेत पार्ल इथे सापडला, खोट्या नावाने राहत होता. रवांडातल्या न्यांगेच्या चर्चमध्ये आसऱ्याला आलेल्या दोन हजारांहून जास्त तुत्सींवर बुलडोझरने चर्च पाडण्यात त्याचा हात असल्याचा आरोप आहे. अजून साठीत आहे. यालाही नव्वदीचा होऊ द्यायचं?

भालचंद्र:
नाही, त्याला आजच उभा करा. असल्यांच्या मागे तुम्ही लागलात तर माझा शब्दाचाही विरोध नाही. टायपिस्टबद्दलचं माझं मत मात्र तेच आहे.