सैन्यातील सेवेच्या बदल्यात बी.एस्सी. नर्सिंग: पुतणीला पाठवावे काय?

गोदाकाठ (जिंतूर)

माझे धाकटे बंधू भूदलातून हवालदार म्हणून निवृत्त झाले असून सध्या नांदेडला एका बँकेत सुरक्षारक्षक आहेत. त्यांची मुलगी लातूरला राहून बारावी विज्ञान करते आहे आणि यंदा ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा देणार आहे. एमबीबीएसला लागतील इतके गुण पडतील असे तिला स्वतःलाही वाटत नाही. तिची ओढ पहिल्यापासून नर्सिंगकडे आहे, आणि त्यात कमीपणा मानणारे आमच्या घरात आता कोणी उरलेले नाही. अडचण पैशाची आहे. लातूरची शिकवणी आणि खोलीभाडे यांतच बंधूंची शिल्लक संपली, आणि कोरडवाहू सोयाबीनच्या भरवशावर चार वर्षांच्या पदवीचा खर्च अंगावर घ्यावा असे पीकपाणी काही आमच्याकडे नाही.

बंधूंच्या पलटणीतील एका जुन्या सोबत्याने सांगितले की, सैन्याच्या महाविद्यालयांत मुलींची बी.एस्सी. नर्सिंग विनाशुल्क होते, वर विद्यावेतन मिळते आणि पदवीनंतर लेफ्टनंट म्हणून नेमणूक होते. मात्र प्रवेशाच्या वेळी करार लिहून द्यावा लागतो. हा करार कर्जासारखा असतो काय, मध्येच शिक्षण सोडले तर काय होते, आणि माजी सैनिकाची मुलगी म्हणून तिला वेगळी काही सवलत आहे काय, हे जाणकारांनी सांगावे. बंधूंचा मुलगा दहावीत आहे; पुढे त्यालाही हीच वाट मिळेल काय, हेही विचारून ठेवतो.

निवृत्त सुभेदार (उदगीर)

राम राम. माझी सारी नोकरी आर्मी मेडिकल कोअरमध्ये, म्हणजे लष्करी रुग्णालयांतच गेली, त्यामुळे या मुलींना विद्यार्थिनी म्हणूनही पाहिले आणि अधिकारी म्हणूनही. आपल्या बंधूंच्या सोबत्याने सांगितले ते खरे आहे. सशस्त्र दलांच्या वैद्यकीय सेवेची सहा नर्सिंग महाविद्यालये आहेत: पुण्याचे एएफएमसी (सशस्त्र दलांचे वैद्यकीय महाविद्यालय), मुंबईचे नौदलाचे रुग्णालय आयएनएचएस अश्विनी, दिल्लीचे आर्मी हॉस्पिटल, आणि कोलकाता, लखनौ व बंगळूर येथील कमांड हॉस्पिटले. सर्व मिळून २२० जागा आहेत आणि त्यांसाठी देशभरातून मुली येतात, हे आधी ध्यानात घ्यावे. चार वर्षे राहणे, जेवण व शिक्षण सरकारी खर्चाने होते, गणवेशासाठी भत्ता आणि दरमहा विद्यावेतन मिळते, आणि पदवी, राज्य परिचर्या परिषदेची नोंदणी व वैद्यकीय पात्रता एवढे पुरे झाले की मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये लेफ्टनंट म्हणून कमिशन मिळते. सातव्या वेतन आयोगानुसार मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून सुरू होते आणि त्यावर १०,८०० रुपये मिलिटरी सर्व्हिस पे, म्हणजे सैनिकी सेवेचे जादा वेतन, असते. महागाई भत्ता वेगळा.

२०२२ पासून या प्रवेशासाठी नीटचे गुण धरले जातात. नीट मराठीतून देता येते, परंतु त्या गुणांवर निवड झालेल्या मुलींची पुढे सामान्य बुद्धिमत्ता आणि इंग्रजी यांची ८० गुणांची संगणकावरील परीक्षा, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी होते. आपल्या भागातील मुली मागे पडतात त्या जीवशास्त्रात पडत नाहीत, या इंग्रजीत आणि मुलाखतीत पडतात. कारण लातूरच्या शिकवणीत या दोन गोष्टींसाठी तासिकाच नसते. नीट संपली की निकालाची वाट पाहत न बसता तिने इंग्रजी बोलण्याचा सराव धरावा.

एक अट मी मुद्दाम वेगळी सांगतो, कारण मराठवाड्यात ती अनेकींना आडवी येते. भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी या विषयांसह बारावी नियमित विद्यार्थिनी म्हणून, पहिल्याच प्रयत्नात आणि किमान ५० टक्क्यांनी उत्तीर्ण झालेली असावी लागते. शिकवणीच्या नादात कॉलेज सोडून १७ नंबरचा फॉर्म (बाहेरून परीक्षेला बसण्याचा अर्ज) भरणाऱ्यांना हा रस्ता बंद होतो. नीट पुन्हा देता येते. बारावीचा तो पहिला प्रयत्न मात्र एकदाच असतो. उंची सर्वसाधारणपणे १५२ सेंटिमीटर लागते. अर्ज भारतीय सैन्याच्या भरतीच्या संकेतस्थळावर भरायचा असतो. अलीकडे तो नीटच्या निकालानंतर थोडेच दिवस खुला राहतो, त्यामुळे बंधूंनी जुलैपासून त्यावर नजर ठेवावी.

परिचर्या शिक्षिका (छत्रपती संभाजीनगर)

सुभेदार साहेबांची माहिती बरोबर आहे, परंतु मूळ प्रश्न शुल्काचा असेल तर विचार दुसऱ्या टोकापासून सुरू करावा असे मला वाटते. सैन्य या पदवीचा मोबदला पैशात घेत नाही, वर्षांत घेते. कर्ज काढले तर नोकरी कोठे करायची हे मुलगी ठरवते आणि हप्ता भरते. येथे हप्ता नसतो, पण बदली कोठे होईल, रात्रपाळी कोणत्या वॉर्डात असेल आणि दिवाळीला घरी जाता येईल की नाही, हे दुसरे कोणीतरी ठरवते. जिला हे जीवन आवडते तिच्यासाठी हा उत्तम सौदा आहे. केवळ शुल्क वाचते म्हणून जी मुलगी तेथे जाते, ती दुसऱ्या वर्षी करार मोडण्याच्या गोष्टी करू लागते, आणि मग झालेला प्रशिक्षणखर्च परत भरण्याची जबाबदारी वडिलांवर येते. कराराची मुदत व रक्कम त्या त्या वर्षीच्या अधिसूचनेत छापलेली असते. ती पाने मुलीने स्वतः वाचावीत, वडिलांनी वाचून तोंडी सांगू नये.

शुल्काचेच म्हणाल, तर राज्यात बी.एस्सी. नर्सिंगसाठी स्वतंत्र सीईटी (प्रवेशपरीक्षा) होते. तिचा अर्ज बारावीच्या निकालाच्या आधीच भरावा लागतो आणि नीटच्या धांदलीत तो राहून जातो, म्हणून तो आजच पाहावा. जुलै २०२४ च्या शासननिर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील, कौटुंबिक वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमात प्रवेश मिळाला, तर शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला ती मिळत नाही. एजंट हे सांगत नाहीत, अर्थातच. वसतिगृह आणि खाणावळ मात्र घरच्यांनाच पाहावी लागते.

वडील अधिकारी दर्जाच्या खालच्या पदावरून निवृत्त झालेले असल्याने तिला पंतप्रधान शिष्यवृत्ती योजनेतही अर्ज करता येईल. बारावीला ६० टक्के असावे लागतात, निवड झाल्यास मुलींना दरमहा ३,००० रुपये मिळतात, आणि पहिल्या वर्षाला प्रवेश घेतल्यानंतर केंद्रीय सैनिक बोर्डाकडे अर्ज करायचा असतो. नांदेडच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात बंधूंची नोंद असेलच. कागद तेथूनच पुढे जातात. खाणावळीचा बराच भार यातून हलका होईल.

आणखी एक गोष्ट, जी या निर्णयाची घाई कमी करते. सैन्याचे दार बारावीनंतर कायमचे लागत नाही. नागरी महाविद्यालयातून बी.एस्सी. करून नोंदणीकृत परिचारिका झालेल्या महिलांनाही मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये शॉर्ट सर्व्हिस कमिशन, म्हणजे ठराविक वर्षांपुरते अधिकारीपद, मिळते. २०२४ च्या जानेवारीत त्यासाठी देशभर परीक्षा झाली होती आणि वयोमर्यादा २१ ते ३५ होती. म्हणजे सतराव्या वर्षी वडिलांच्या सहीने जे ठरते, ते बाविसाव्या वर्षी स्वतःच्या पायावर उभे राहूनही ठरवता येते. माझे मत विचाराल तर सैन्याचे जीवन हवे आहे की नाही, हे ठाऊक नसलेल्या मुलीने हाच दुसरा मार्ग धरावा.

गोदाकाठ (जिंतूर)

दोघांचेही आभार. पुतणीला विचारले, तर तिला गणवेशाचीच ओढ आहे असे म्हणते. वडिलांना पाहत वाढली आहे. आता आमच्या आईंचा प्रश्न उरतो. मुलगी चार वर्षे कोलकात्याला किंवा लखनौला राहिली आणि वर करार असला, तर तिच्या लग्नाचे काय, असे त्या सारख्या विचारतात. सैन्यातील नर्सला लग्न करता येत नाही असेही त्यांनी कोठेतरी ऐकले आहे.

एक आई (अंबाजोगाई)

माझी मुलगी कोलकात्याच्या कमांड हॉस्पिटलमधून शिकून सध्या नोकरीत आहे, म्हणून लिहिते. आपल्या आईंनी जे ऐकले ते एके काळी खरे होते. १९७७ च्या एका लष्करी सूचनेनुसार लग्न हे परिचारिका अधिकाऱ्याला सेवेतून काढण्याचे कारण ठरत असे. लेफ्टनंट सेलिना जॉन यांना १९८८ मध्ये याच कारणाने घरी पाठवण्यात आले होते. ती सूचना १९९५ मध्ये मागे घेतली गेली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम उघड मनमानी व स्त्रीपुरुष भेदभाव करणारा ठरवून त्यांना ६० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. आज अधिकारी झाल्यावर लग्नाला अडकाठी नाही. प्रवेशाच्या वेळी मुलगी अविवाहित असावी लागते आणि शिक्षण पुरे होईपर्यंत लग्न करता येत नाही, एवढेच बंधन आहे. घटस्फोटित, कायद्याने विभक्त आणि विधवा महिलांनाही काही अटींवर अर्ज करता येतो.

खरे सांगायचे तर हे बंधन आम्हाला उपयोगी पडले. आमच्याकडे मुलगी अठरा वर्षांची झाली की स्थळे येऊ लागतात आणि नकार देताना पाहुण्यांशी वाईटपणा येतो. "सरकारला लिहून दिले आहे" या एका वाक्यावर चार वर्षे कोणी पुढे बोलले नाही. आईंना हे सांगून पाहा. मात्र पदवीनंतर स्थळ पाहताना अडचण येते, ती दुसऱ्या प्रकारची. जावई नोकरीमुळे एका गावाशी बांधलेला असेल तर बदल्यांमुळे संसार दोन ठिकाणी होतो, आणि सासरच्यांना हे आधी स्पष्ट सांगावे लागते.

वैद्यकीय तपासणीबाबत शिक्षिकाताईंनी लिहिले नाही, म्हणून सुचवते. तेथे रक्त, डोळे, दात, वजन, छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी असे सारे पाहतात. लातूरच्या खोलीवर डब्याचे जेवण जेवून आणि जागरणे करून मुलींचे हिमोग्लोबिन उतरलेले असते. निवड झाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा आताच शासकीय रुग्णालयात तपासून घ्यावे. औषधाने ते भरून येते, पण त्याला काही महिने लागतात.

निवृत्त सुभेदार (उदगीर)

शिक्षिकाताईंचे म्हणणे मला मान्य आहे, फक्त एक भर घालतो. शॉर्ट सर्व्हिसचा मार्ग खुला आहे, परंतु त्या जागा दर वर्षी ठराविक वेळी निघतीलच असे गृहीत धरून बसू नये. पुतणीला गणवेशाचीच ओढ असेल तर तिने यंदा दोन्ही अर्ज भरावेत. सीईटीचा प्रवेश हातात असला म्हणजे मुलाखतीला मन मोकळे राहते, आणि पॅनेलसमोर "शुल्क परवडत नाही म्हणून आले" असे तोंडातून निघत नाही. ते त्यांना पहिल्या दोन प्रश्नांत कळते.

मुलाबद्दल: बी.एस्सी. नर्सिंगचा हा अभ्यासक्रम केवळ मुलींसाठी आहे. मुलांसाठी सैन्यात सोल्जर टेक्निकल, नर्सिंग असिस्टंट अशी भरती असते, तीही बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र व इंग्रजी घेतलेल्यांची. पण ती शिपाई दर्जाची भरती आहे, तेथे पदवी मिळत नाही आणि अधिकारीपदही नाही. अनेक अकादम्या दोन्ही गोष्टी एकाच फलकावर लिहून शुल्क घेतात, म्हणून आधी अधिसूचना मागावी. दहावीनंतर त्याने जीवशास्त्र घ्यावे आणि त्याच्याही बाबतीत १७ नंबरच्या फॉर्मचा विचार कोणी करू नये.

बंधूंनी आता पेन्शनचा आदेश, डिस्चार्ज बुक (सेवानिवृत्तीची नोंदपुस्तिका) आणि माजी सैनिकाचे ओळखपत्र यांच्या प्रती काढून ठेवाव्यात. डिस्चार्ज बुकमध्ये मुलीचे नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच लिहिलेले आहे की नाही ते पाहावे. फरक असल्यास दुरुस्तीचा अर्ज त्यांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला आजच पाठवावा, कारण उत्तर यायला वेळ लागतो आणि शिष्यवृत्तीची मुदत त्यासाठी थांबत नाही.