बाळ जन्मताना रडलं नाही. चूक कोणाची, हे कसं कळतं?

मोहोर (राजापूर तालुका)

माझा मुलगा १९ महिन्यांचा आहे. मान आत्ता कुठे सावरतोय. बसवला तर एका अंगाला कलंडतो, मुठी आवळलेल्या, उभा धरला की पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा होऊन हालचालींवर ताबा न राहणं) असं लिहून दिलंय.

जानेवारी २०२४ मधली गोष्ट. दिवस पूर्ण भरले होते, सोनोग्राफी सगळ्या नॉर्मल. पहाटे पाणी गेलं म्हणून सकाळी ७ ला तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात गेलो. नाव घेत नाही. ८ ला सलाईनमधून कळांचं औषध सुरू केलं. दुपारपर्यंत कळा अशा, की एक ओसरायच्या आत दुसरी. डॉक्टर दुसऱ्या गावी ओपीडीला गेले होते. मी सिस्टरला म्हटलं, बाळ हलत नाहीये. ती म्हणाली, कळांमध्ये समजत नाही तुम्हाला. ४ नंतर दोघींनी वरून पोट दाबलं, एक तर स्टुलावर चढली होती. ५ च्या सुमाराला डॉक्टर आले, व्हॅक्यूम लावलं. बाळ निळं. रडलंच नाही. श्वासाचा फुगा दाबत दाबत त्याच रात्री अणुस्कुरा घाटातून कोल्हापूरला नेलं आणि घाटातच त्याला पहिला झटका आला. पुढे १६ दिवस काचेत.

आता प्रत्येकाचं म्हणणं वेगळं. दवाखान्याचे डॉक्टर म्हणतात, जन्मजात असतं हे, कोणाच्या हातात नसतं. सासूबाई म्हणतात, कोजागिरीला ग्रहण होतं (२८ ऑक्टोबर २०२३, मला सातवा लागलेला) आणि वेधात मी विळीवर काकडी चिरली. चिरली होती, खरं आहे. ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालून झालं. मिस्टर मुंबईला असतात, ते म्हणतात, झालं ते झालं. गणपतीला येतील तेव्हा ठरवायचं आहे की पुढे काही करायचं का. मला पैसे नकोत असं खोटं बोलणार नाही, फिजिओला आणि गाडीभाड्यालाच किती जातात! पण त्याआधी मला कळायला हवं, की हे माझ्यामुळे झालं, त्यांच्यामुळे झालं, की कोणामुळेच नाही.

पावशा

सगळे डॉक्टर सारखेच. पेपरात द्या, दवाखान्यासमोर बसा. त्याशिवाय वठणीवर येत नाहीत.

निवृत्त सिस्टर

पेपरात देऊन काय होणार? तिने विचारलंय काय, तुम्ही सांगताय काय.

बाय, मी ३१ वर्षं लेबर रूममध्ये काढली, बरीचशी याच जिल्ह्यात. काकडीचं आधी निकालात काढू. ग्रहणातल्या विळीने ओठ फाटतो असं आमच्या वेळी सांगायचे, आता तीच विळी मेंदूपर्यंत पोचली. सोड ते. पोटातलं बाळ विळीला ओळखत नाही.

कळांच्या औषधाचं समजून घे. कळ आली की पिशवी आवळते आणि वारेकडे जाणारं रक्त तेवढ्यापुरतं कमी होतं. बाळ तेवढा वेळ दम काढतं. कळ ओसरली की पुन्हा रक्त मिळतं. खाडीत तिसऱ्या (शिंपल्या) काढायला बुडी मारणारा मधे मधे डोकं वर काढतो ना, तसं. त्याला वर यायलाच दिलं नाही तर? म्हणून थेंब वाढवताना कोणीतरी पोटावर हात ठेवून कळा मोजायच्या असतात आणि बाळाचे ठोके ऐकायचे असतात. कळा नीट सुरू झाल्यावर दर अर्ध्या तासाला तरी, आणि जोर करायची वेळ आली की दर ५ मिनिटांनी. एकाला लागून एक कळा यायला लागल्या, की औषध थांबवायचं, बाईला कुशीवर करायचं, डॉक्टरांना फोन. स्टुलावर चढून पोट दाबणं आमच्या काळी सर्रास चालायचं, मीही केलंय. आता ते करू नये असंच शिकवतात.

म्हणून तू आधी केस पेपर मिळव. डिस्चार्ज कार्ड नव्हे, आतला पूर्ण पेपर: नर्सिंग नोंदी, पार्टोग्राफ (कळा, ठोके, प्रसूती कुठवर आली हे तासागणिक भरायचा तक्ता), औषधांचा तक्ता, बाळाचा कागद. त्यात बघ:

औषध किती वाजता सुरू केलं, थेंब कधी वाढवले. पाणी हिरवं होतं का (म्हणजे बाळाने आतच शी केली होती का). डॉक्टरांना फोन किती वाजता केला. बाळाला ॲपगार (जन्मल्यावर श्वास, ठोके, रंग, हालचाल बघून देतात ते गुण) किती दिला, १ मिनिटाला आणि ५ मिनिटांना. आणि ठोके. आता जे सांगते ते आमच्यातलं आहे. गडबडीत ऐकायचं राहिलं, की ड्युटी संपताना बसून आकडे भरायची सवय असते. दर अर्ध्या तासाला नेमके १४०, १४०, १४० आणि सगळं एकाच पेनाने, एकाच हाताने लिहिलेलं दिसलं, तर काय ते समज. जिवंत बाळाचे ठोके असे सरळ रेषेत जात नसतात.

खाडीपलीकडचा बालरोगवाला

ताई, मी सिंधुदुर्गात बालरोगतज्ज्ञ आहे. सिस्टरांचं पटतं, पण दुसरी बाजूही ऐका.

सेरेब्रल पाल्सी म्हटलं की प्रसूतीत घोटाळा झाला, हे समीकरण फार जुनं. १८६२ साली लंडनमध्ये लिटल नावाच्या डॉक्टरने ते मांडलं. पुढे १८९७ मध्ये फ्रॉइडने, तोच मनोविश्लेषणवाला, शंका काढली: बाळात आधीच काही बिघडलेलं असतं म्हणून प्रसूती अवघड जाते असं तर नाही? दोघंही थोडे थोडे बरोबर निघाले. पाश्चात्त्य देशांत जन्मावेळी गुदमरल्यामुळे झालेली प्रकरणं साधारण दहात एक धरतात. बाकीच्यांत अपुरे दिवस, गर्भातला संसर्ग, मेंदूच्या घडणीतले दोष, जनुकीय कारणं. आपल्याकडे गुदमरणं आणि वेळेत न उतरवलेली कावीळ यांचा वाटा जास्त. तेव्हा ‘जन्मजात’ हे उत्तर नेहमीच खोटं नसतं. पण ते पुराव्याशिवाय द्यायचंही नसतं.

तुमच्या हकिगतीत दिवस भरलेले, जन्मतः श्वास नाही, काही तासांत झटके. एमआरआय झालाय का? त्यात काय लिहिलंय ते टाका. कोल्हापूरच्या डिस्चार्जवर एचआयई (प्राणवायू कमी पडून मेंदूला झालेली इजा) लिहिलंय का, आणि किती ग्रेड?

मोहोर

एमआरआय दहाव्या दिवशीचा. बेसल गँग्लिया आणि थॅलॅमसमध्ये दोन्ही बाजूंना बदल असं लिहिलंय. डिस्चार्जवर एचआयई ग्रेड २. ॲपगारच्या जागी ‘बाहेर जन्म, माहीत नाही’. किडनीचा रिपोर्टही पहिले काही दिवस बिघडलेला होता.

खाडीपलीकडचा बालरोगवाला

बेसल गँग्लिया आणि थॅलॅमस म्हणजे मेंदूचे आतले, खोलवरचे भाग. हे चित्र बहुतेक वेळा पूर्ण दिवसांच्या बाळाला प्रसूतीच्या आसपास एकदम प्राणवायू कमी पडल्यावर दिसतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं नुकसान मेंदूच्या पोकळ्यांच्या कडेला दिसतं, काविळीचं ग्लोबस पॅलिडस या आतल्याच एका छोट्या भागात. तुमचं तसं नाही. किडनी बिघडणंही याच्याशी जुळतं, कारण गुदमरतं तेव्हा एकटा मेंदू गुदमरत नाही. चयापचयाचे एक-दोन आजार असंच चित्र देतात, त्यांच्या तपासण्या झाल्यात का तेवढं विचारून घ्या.

पण नुकसान ‘केव्हा’ झालं हे एमआरआयवरून बऱ्यापैकी सांगता येतं, ‘कोणामुळे’ ते नाही. वार अचानक सुटली, नाळ आधी बाहेर आली, तर उत्तम दवाखान्यातही बाळ हातचं जातं. निष्काळजीपणा म्हणजे धोका दिसत असताना, किंवा बघितला असता तर दिसला असता अशा वेळी, काही न करणं. तो कागदावरच शोधावा लागतो.

आणखी एक. ‘मेंदूचं नुकसान कमी व्हावं म्हणून बाळाला ७२ तास थंड का ठेवलं नाही’ हा मुद्दा कोणीतरी सुचवेल. त्यामागे लागू नका. २०२१ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या चाचणीत त्या उपचाराचा फायदा दिसला नाही, उलट मृत्यू जास्त झाले.

काळा कोट

वकील आहे, रत्नागिरीत. थोडक्यात.

केस पेपरसाठी लेखी अर्ज द्या, एका प्रतीवर पोच घ्या. २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांप्रमाणे अर्ज केल्यापासून ७२ तासांत प्रती द्यायच्या असतात आणि उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं कागद जपायचे असतात. अर्जात ‘तक्रार करायची आहे’ असं लिहू नका. मुलाच्या पुढच्या उपचारासाठी हवेत, हे खरंच आहे, तेवढंच लिहा.

ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत २ वर्षं. ती निदान कळल्यापासून मोजा असा युक्तिवाद करता येतो, पण त्याच्या भरवशावर राहू नका. जन्मतारखेपासून मोजा, म्हणजे जानेवारी २०२६. तुम्ही बिल भरलंय, त्यामुळे तुम्ही ग्राहक आहात. मूल आणि आईवडील दोघंही भरपाई मागू शकतात, हे सुप्रीम कोर्टाने १९९८ मध्येच स्प्रिंग मेडोज प्रकरणात सांगितलंय. पोलिसांकडे लगेच धावू नका. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानंतर फौजदारीसाठी अगदी ढळढळीत हलगर्जी दाखवावी लागते. आधी कागद, मग एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञाचं लेखी मत. मत द्यायला जिल्ह्यातलं सहसा कोणी तयार होत नाही, सगळे एकमेकांचे ओळखीचे. मुंबई-पुण्याकडे विचारावं लागेल.

दोन पोरांचा बाप

माझी थोरली १४ वर्षांची, काविळीमुळे सीपी (सेरेब्रल पाल्सी). केस करा नाहीतर करू नका, फिजिओ एक दिवस चुकवू नका. आम्ही ‘कोणामुळे’ यात पहिली दोन वर्षं घालवली, अजून जीव जळतो. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढा, त्यावर निरामय हा सरकारी आरोग्य विमा काढता येतो, वर्षाला १ लाखापर्यंत, थेरपीसुद्धा त्यात बसते. खुब्याचा एक्स-रे डॉक्टर सांगतील तेव्हा काढाच, ताठर पायांत खुबा हळूहळू निसटतो आणि मूल बोलून दाखवू शकत नाही. कान आणि डोळे तपासलेत ना? मुंबईला जाणं झालं तर हाजी अलीची सरकारी पुनर्वसन संस्था बघा.

मोहोर

तीन आठवड्यांनी लिहितेय. कागद मिळाले, ७२ तासांत नाही, ११ दिवसांनी. तीन खेपा झाल्या.

१४०, १४० असं नाहीये. दुपारी १२.३० पर्यंत ठोके लिहिलेत, १३६, १४२, १२८. त्यानंतर थेट ४.४० ला ‘९०’. मधे काहीच नाही. पार्टोग्राफचा कागद आहे पण कोरा, वर फक्त माझं नाव. औषधाचे थेंब १.१५ ला वाढवलेले आहेत. म्हणजे थेंब वाढवायला कोणीतरी आलं होतं.

मिस्टरांनी दोनदा वाचलं आणि वकिलांचा नंबर स्वतःहून मागितला. सासूबाईंना मी वाचून दाखवलं तर म्हणाल्या, “चार तास कोणीच हात लावला नाही?” विळीचं त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. पुन्हा बोलतील, मला माहितीये.

सिस्टर, तिसऱ्या पानावर ४.५० च्या पुढे एक ओळ आहे, अक्षर लागत नाहीये. नावं झाकून फोटो पाठवला तर वाचून सांगाल का?