अडवून धरण्यासारखं खूप असतं

‘छोट्या वृत्तपत्राकडे चोरण्यासारखं असतं काय, हॅकर तिकडे कशाला वळतील’ हा या चर्चेत कुणीतरी मांडलेला मुद्दा मला पटला नाही. चोरण्यासारखं कमी असेल, पण अडवून धरण्यासारखं खूप असतं. उद्याचा अंक आज रात्री छपाईला गेला नाही तर परवा तो कुणी वाचत नाही, आणि संगणक अडवून खंडणी मागणाऱ्या हॅकरला ही घाई बरोबर कळते. अमेरिकेतल्या छोट्या-मध्यम शहरांची डझनावारी दैनिकं चालवणाऱ्या ली एंटरप्रायझेसवर फेब्रुवारी २०२५ मध्ये असाच हल्ला झाला. अंक रखडले हे सगळ्यांना दिसलं. पण बिलं, वसुली आणि पुरवठादारांचे पैसेही अडकले होते, आणि मला ते जास्त गंभीर वाटतं. महिन्याच्या वसुलीवर तगणारं स्थानिक साप्ताहिक अशा वेळी किती आठवडे टिकेल?

दुसरं म्हणजे, हल्ला आपल्यावरच व्हावा लागतो असंही नाही. डिसेंबर २०१८ मध्ये ट्रिब्यून पब्लिशिंग या अमेरिकी वृत्तपत्र कंपनीची यंत्रणा अशाच सायबर हल्ल्यात कोलमडली तेव्हा लॉस एंजेलिस टाइम्सची छपाईही लांबली. ट्रिब्यूनने ते वृत्तपत्र काही महिन्यांपूर्वीच विकलं होतं, पण दोघांची पानं छपाईला पाठवण्याची यंत्रणा अजून सामायिकच होती. चर्चेत कुणीतरी सुचवलेलं गुगलचं मोफत प्रोजेक्ट शील्ड जरूर घ्यावं, मात्र ते वेबसाइटवर बनावट रहदारीचा पूर आणणारे हल्ले थोपवतं. खंडणीच्या हल्ल्यातून सावरता यावं म्हणून पानांच्या फायली आणि वर्गणीदारांची यादी नेटवर्कपासून तोडलेल्या डिस्कवर रोज उतरवणं हे काम वेगळं, आणि ते आपल्यालाच करावं लागतं.