व्हर्मीरच्या मोतीवाल्या मुलीची प्रत करतेय, गाल खडू फासल्यासारखा दिसतो

मांजलपूरची:
तैलरंगात पोर्ट्रेट शिकायचं म्हणून डच चित्रकार व्हर्मीरची मोत्याचं कानातलं घातलेली मुलगी घेतलीय. मॉरित्सहाउस संग्रहालयाच्या साइटवरून मोठी इमेज उतरवली, चौकटी पाडून रेखाटन केलं. साम्य चांगलं आलंय. पण रंग चढवला की गाल खडू फासल्यासारखा दिसतो, आणि नाक चेहऱ्यातून सुटं पडतं. टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, व्हर्मिलियन, बर्न्ट अंबर, आयव्हरी ब्लॅक एवढेच रंग आहेत. खाली राखाडी थर दिलाय. कुठे अडतंय?

दांडियाबाजार:
ताई, रंग अगदी पुरेसे आहेत, नवीन ट्यूब घेऊ नका. पांढरा कुठे कुठे पडलाय ते बघा. सावलीतला रंग उजळायला पांढरा घातला असेल तर खडू येणारच. व्हर्मीरकडे शिशाचा पांढरा होता, तो उबदार आणि थोडा पारदर्शक. आपला टायटॅनियम थंड आणि फार झाकणारा. (शिशाचा आणायच्या फंदात पडू नका, विषारी असतो.) सावली अंबर, ऑकर आणि किंचित व्हर्मिलियनमध्येच ठेवा, पांढरा फक्त उजेडात.

दुसरं, राखाडी थर. व्हर्मीरने सुरुवात तपकिरी आणि काळ्या छटांत केली होती. सावलीत तो तपकिरी पातळ थराखालून जाणवत राहतो, म्हणून कातडी जिवंत वाटते. राखाडीवर अंबरचा पातळ हात फिरवा, वाळू द्या, मग पुढे.

आता नाक. मूळ चित्र मोठं करून बघा: नाकाची कड आणि पलीकडचा गाल यांच्यामध्ये रेघच नाही. दोन्ही एकाच उजेडात, एकाच छटेत मिसळलेत. आपल्याला माहीत असतं की तिथे नाक संपतं, म्हणून हात आपोआप कड ओढतो. ती कड कोरड्या मऊ ब्रशने पुसून टाका. मोत्याचंही तेच. वर एक जाड पांढरा ठिपका, खाली कॉलरचा मंद उजेड, बस्स. अडकवायची कडीसुद्धा रंगवलेली नाही. प्रत करायची ती हे वाचण्यासाठी. त्याने काय रंगवलं यापेक्षा काय सोडून दिलं ते शोधा.

आणि स्क्रीनवर रंगाची जाडी कळत नाही हो. एखादा रविवार काढून आपल्या बडोद्याच्या फत्तेसिंह म्युझियममध्ये रविवर्म्याची राजघराण्यातली व्यक्तिचित्रं बघा, मग कमाटीबागेतल्या पिक्चर गॅलरीत युरोपियन चित्रं. बाजूने, तिरकं बघा. उजेडात रंग जाड, सावलीत पातळ, हे डोळ्यांनी पाहिलं की हात ऐकतो.

अलकापुरी:
काकांचं बरोबर. एक भर: पावसाळ्यात वाळायला वेळ लागतो, घाई नको. तेल उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. अंबर लवकर वाळतो, आयव्हरी ब्लॅक फार सावकाश. खालच्या थरांत तेल कमी, वर जास्त, नाहीतर तडे जातात. कॅनव्हास कपाटात बंद करू नका, अंधारात लिनसीड, म्हणजे रंगातलं जवसाचं तेल, पिवळं पडतं. तेलाची फडकी गोळा करून ठेवू नका, आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा.

मांजलपूरची:
मनापासून आभार काका. नाकाची कड पुसली, चेहरा लगेच वळला! पार्श्वभूमी मात्र काळीच ठेवू का?

दांडियाबाजार:
मूळची काळी नव्हती, ताई. तिथे हिरवा पडदा होता. नीळ आणि एका पिवळ्या वनस्पतिरंगाचा पारदर्शक थर काळ्यावर दिलेला, तो काळाच्या ओघात उडाला. तुम्हाला दिसतंय तसं काळं करा, फक्त त्यात अंबर घाला, नुसता आयव्हरी ब्लॅक नको. आणि माप बदला. मूळ ४४.५ बाय ३९ सेंटिमीटर आहे. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात बसून प्रत करणाऱ्यांना मूळच्या मापाची करूच देत नाहीत, पाचव्या हिश्शाने लहान किंवा मोठी लागते. मागे ‘व्हर्मीरवरून’ असं लिहून खाली तुमची सही करा.