वडगावच्या शाळेत डेबियन बसवलं, पण माझ्यामागं ते टिकणार कसं?

वडगावचा_रिपेरीवाला:
नमस्कार मंडळी. बेळगावच्या वडगावात मागांच्या खडखडाटात माझं कॉम्प्युटर रिपेरीचं दुकान आहे, एकोणीस वर्षं झाली.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० च्या दुरुस्त्या बंद झाल्या आणि जवळच्या एका मराठी शाळेतली चौदा मशीन अडकली. बहुतेक जुन्या प्रोसेसरची, कोअर टू ड्युओ आणि तिसऱ्या पिढीचे आय-थ्री, त्यांच्यावर विंडोज ११ बसत नाही. एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या समितीच्या बैठकीत भंगारात घालायचं ठरत आलं होतं. मी म्हटलं, आठ दिवस द्या. दिवाळीत बारा मशीनवर डेबियन १३ घातलं, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारं फुकटचं लिनक्स, एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप घेऊन. दोन त्याहून जुनी, ३२ बिटच्या प्रोसेसरची निघाली. १३ मध्ये त्यांच्यासाठी इन्स्टॉलरच नाही, म्हणून त्यांवर १२ ठेवलं. इन्स्टॉलरच्या भाषांच्या यादीत मराठी आणि कन्नड दोन्ही बघून हेडसर खुर्ची ओढून शेजारी येऊन बसले, ते संध्याकाळपर्यंत उठले नाहीत.

जानेवारीत मी चंदगडला लग्नाला गेलो आणि एक मशीन सुरू होईना. शाळेनं घाईत दुसऱ्या रिपेरीवाल्याला बोलावलं. त्यानं डिस्क पुसून विंडोजची चोरीची कॉपी घातली. मुलांचं तीन महिन्यांचं टायपिंग गेलं. आत नुसती डिस्कची केबल सैल झाली होती. त्या माणसावर राग नाही, त्याला येत होतं ते त्यानं केलं. पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

डेबियन १९९३ पासून चालू आहे. मालक कंपनी नाही, जाहिरात नाही, जगभरची माणसं आपणहून सांभाळतात. आपल्या भागात ते कोण सांभाळणार? प्रसाराला कुठून हात घालू? पत्रकं छापू, का मेळावा घेऊ?

खानापूरची_टायपिंगबाई:
दादा, पत्रकं नकोत. ऑपरेटिंग सिस्टीम म्हटलं की पालक उठून जातात, मी बघितलंय. टायपिंग म्हणा, मग बसतात.

माझ्या क्लासात मी इनस्क्रिप्टच शिकवते, म्हणजे भारतीय भाषांची कळफलकाची मांडणी. मराठी 'क' ज्या कळीवर, कन्नड 'क' पण त्याच कळीवर. एकदा बोटं बसली की पोरगी निबंध मराठीत लिहिते आणि तहसीलदार ऑफिसचा अर्ज कन्नडमध्ये, हात तोच. पुण्याच्या माणसाला ह्याची किंमत कळायची नाही, आपल्याला रोज लागतं. शिफ्ट धरून जे दाबला की 'ऱ' येतो, म्हणजे 'दऱ्या' आणि 'तऱ्हा' नीट उमटतात. विंडोजमध्येही ही मांडणी आहे, पण डेबियनवर दोन्ही भाषा जोडून दिल्या की जुन्या मशीनवरसुद्धा क्लास अडत नाही. पालकांसमोर पोरांना दोन्ही भाषांत पत्ता टाइप करायला लावा. मेळावा तोच.

निपाणी_छपाई:
मी स्पष्ट सांगतो, छापखान्यांच्या मागं एवढ्यात लागू नका. माझ्याकडं बारा वर्षांच्या लग्नपत्रिका जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांत आहेत. डेबियनवर उघडल्या की अक्षरांच्या जागी नुसता इंग्रजी खुणांचा चिवडा. गिऱ्हाईक थोरल्याच्या पत्रिकेसारखीच धाकटीची मागतं, त्यामुळं एक मशीन विंडोजवर राहणारच.

नवं काम मात्र स्क्रायबसवर, म्हणजे पानं मांडायच्या फुकटच्या प्रोग्रॅमवर घेतोय. १.४ मध्ये जोडाक्षरं मोडायची, १.६ मध्ये नीट बसतात. बालू फॉन्टमध्ये देवनागरी आणि कन्नड एकाच घाटाचे मिळतात, दोन्ही भाषांची पत्रिका एका हातची दिसते. आणि प्रिंटर आधी तपासा. माझा छोटा लेझर डेबियनवर चालेना, तीन दिवस घालवले आणि शेवटी दुसरा घेतला. शाळेत पहिल्याच दिवशी प्रश्नपत्रिका छापली नाही तर सगळं मुसळ केरात.

टिळकवाडी_इंजिनिअरिंग:
काका, केरळकडं बघा की. तिथल्या सरकारी शाळांत लिनक्स इतकी वर्षं टिकलं, कारण आयटीचं पुस्तकच त्यावर बेतलं आणि शिक्षकांना आधी शिकवलं. डेबियनची जागतिक परिषद २०२३ साली कोचीत झाली, त्यामागं तिथं कितीतरी वर्षं काम करणारी माणसं होती.

एक बारीक काम आजच करा. इन्स्टॉल करताना पॅकेज (म्हणजे प्रोग्रॅम, फॉन्ट वगैरे) वापराच्या पाहणीत भाग घेणार का, असं विचारतात आणि आपण सगळे 'नाही' म्हणून पुढं जातो. 'होय' म्हणा. डेबियनच्या इन्स्टॉलच्या पहिल्या डिस्कवर कुठली पॅकेजेस घालायची हे ठरवताना त्या आकड्यांचा उपयोग होतो. मराठी-कन्नड फॉन्ट वापरले जातात हे त्यांना त्यातून कळतं.

आणि रागावू नका, पण चौदा मशीनचा पासवर्ड एकट्या तुमच्याकडं असेल तर शाळेनं दुसरं काय करायचं होतं? त्या दुसऱ्या रिपेरीवाल्यालाच शिकवा.

वडगावचा_रिपेरीवाला:
पासवर्डचं खरं आहे बाळा, लागलं मला. काल हेडसरांसमोर वहीत लिहून कपाटात ठेवला.

मग अनगोळला त्या दुसऱ्या रिपेरीवाल्याच्या दुकानात गेलो. आधी त्याला वाटलं भांडायला आलोय. चहा झाल्यावर पेनड्राइव्ह काढला आणि त्याच्याच एका पडीक मशीनवर इन्स्टॉलर चालू केला. भाषा निवडायची वेळ आली तेव्हा त्यानं कन्नड निवडली, घरी कन्नडच बोलतात. मी शेजारी बसून मराठीतून सांगत होतो, तो कन्नडमधून वाचत होता. शनिवारी शाळेत येतो म्हणालाय, ते पुसलेलं मशीन तोच परत बसवणार आहे.

खानापूरच्या ताई, तुमच्याकडं कळफलकाचा दोन्ही भाषांचा तक्ता असेल तर फोटो टाका. निपाणीवाल्यांनी मोठा छापून दिला तर चौदा प्रती लागतील, पैसे मी देतो.