मदत हवी आहे : रील बघतात ढीगभर, ऑर्डर मात्र येत नाही

नमस्कार मंडळी. कुडाळजवळ आमचं घरगुती उत्पादन आहे. कोकम आगळ (कोकमाचा मीठ घातलेला रस), आमसुलं, फणसपोळी. मी आणि माझी जाऊ मिळून सांभाळतो. जाहिरातीवर पैसे घालणं सध्या परवडत नाही, म्हणून सगळी मदार इन्स्टाग्रामवर.

वाळलेली फणसपोळी ताटातून काढतानाची रील तुफान चालली. ती कडेने सुटत सुटत अखंड निघते ना, तेच आवडलं असावं. पण इनसाइट्स (कोणी पाहिलं याची इन्स्टाग्रामवरची आकडेवारी) पाहिले तर बघणारे बहुतेक फॉलोअर नसलेले, आणि कमेंटी कुठल्या कुठल्या भाषांत! त्यांना आगळ म्हणजे काय हेच ठाऊक नाही. आणि बाटलीचा फोटो किमतीसकट टाकला की घरचे पाहुणेच लाइक करतात, विषय संपला.

इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी सांगतात, किती वेळ पाहिलं आणि किती जणांनी पुढे पाठवलं याला वजन जास्त. मग मुंबई-पुण्यातल्या कोकणी माणसाने पुढे पाठवावं असं काय दाखवू? सोलकढीच्या रेसिप्या तर पोत्याने आहेत. मालवणीत बोलू की शहरी मराठीत? लोकेशन कुडाळचं टाकू की गिऱ्हाईक असेल तिथलं? बिझनेस अकाउंटला बरीच चालू गाणी मिळत नाहीत. क्रिएटर अकाउंट करून कुणाला फरक पडला का?

व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट कृपया सुचवू नका, आपला नंबर सेव्ह असलेल्यांनाच तो मेसेज जातो. आणि फॉलोअर विकणाऱ्यांनी इनबॉक्समध्ये येऊ नये.