मदत हवी आहे: वाचनकट्ट्यावर लोकांना बोलतं कसं करावं?

फोंड्यात आमचा मराठी वाचनकट्टा दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दीड तास भरतो. पंधरा-अठरा जण नेमाने येतात, वाचूनही येतात. पण बोलतात तेच तिघे. त्यातले दोघे निवृत्त शिक्षक, त्यामुळे बाकीचे वर्गात बसल्यासारखे गप्प. चहाच्या वेळी मात्र हीच माणसं कोकणीतून भरभरून बोलतात.

पाळीपाळीने बोलायला लावून पाहिलं. "छान होतं" यापुढे गाडी गेली नाही. प्रश्न आधी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले, तर त्या तिघांनीच तयारी केली. एकदाच खरी रंगत आली, गोव्याच्या १९६७च्या जनमत कौलावरचा लेख घेतला तेव्हा. 'फूल' (महाराष्ट्रात विलीन व्हायचं) की 'दोन पानं' (वेगळा संघप्रदेश राहायचं) यावरून घरोघरी वाद झालेले, त्यामुळे प्रत्येकाकडे सांगण्यासारखं काहीतरी होतं. पण दर वेळी असा विषय कुठून आणायचा?

शिक्षकांना दुखवायचं नाही, ते जीव लावून येतात. गट पाडायला दुसरी खोली नाही. कोकणीत बोलायला माझी अजिबात हरकत नाही, पण ते आधीच जाहीर करावं का?

आणि मुख्य म्हणजे, कथा किंवा कविता असताना पहिल्या दहा मिनिटांत नेमकं काय विचारलं की गप्प बसणारा माणूस आपणहून बोलू लागतो?